‘अपॉलॉजेटिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका शिक्षिकेनं विचारलं आहे: “यहुदी आणि मुस्लिम विद्वानांशी झालेल्या वादांत ख्रिस्ती लोकांनी आपल्या श्रद्धेची बाजू कशी राखली, यावर चर्चमध्ये मराठीतून बोलायचं आहे. अशी बाजू राखण्याच्या शास्त्राला इंग्रजीत ‘अपॉलॉजेटिक्स’ म्हणतात; एका भाषांतरात त्यासाठी ‘क्षमायाचनाशास्त्र’ असा शब्द दिसला. तो बरोबर आहे का? की ‘समर्थन’ म्हणू?”

बाई, ‘क्षमायाचनाशास्त्र’ तेवढं टाळा. इथं कुणी कुणाची माफी मागत नाही. मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातला शब्द, आरोप झालेल्यानं दिलेलं उत्तर. माफीचा अर्थ इंग्रजीत पुढं चिकटला. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, ‘कैफियत’. जुन्या दाव्यांच्या मराठी कागदांत फिर्यादीला उत्तर म्हणून प्रतिवादी देतो ती कैफियत. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रोमी सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून जे लिहिलं, ती कैफियतच.

पण याच जस्टिनचा ट्रायफो या यहुद्याशी झालेला संवाद निराळा. तिथं न्यायाधीश नाही. ट्रायफो विचारतो, टांगलेला माणूस शापित असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं, मग क्रुसावर मेलेला माणूस मसीहा, म्हणजे देवानं पाठवलेला तारणहार, कसा? जस्टिन त्याच शास्त्राच्या आधारे उत्तर देतो. अशा उत्तराला मी ‘मंडन’ म्हणेन. आपला पक्ष प्रमाणांसह उभा करणं ते मंडन, समोरच्याचा पक्ष तोडणं ते खंडन. आपलं रोजचं ‘मांडणं’ही याच कुळातलं.

आपल्या जुन्या न्यायशास्त्रातला, म्हणजे तर्कशास्त्रातला (कायद्यातला नव्हे), एक भेद तुमच्या विषयाला फार उपयोगी पडेल. सत्य ठरवण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न ठेवता नुसतं खंडन ती वितंडा. इ.स. ७८१च्या सुमारास बगदादमध्ये खलिफा अल-महदीनं पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख तिमथी यांना विचारलं, देवाला पुत्र कसा असेल? तिमथींनी सूर्य आणि त्याचा प्रकाश यांचा दाखला दिला. महंमदांविषयी विचारल्यावर ‘ते संदेष्ट्यांच्या वाटेनं चालले’ असं म्हणाले, पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही श्रद्धा, सोडलं नाही. हा वाद, अगदी शास्त्रातल्या अर्थानं.

१२६३मध्ये बार्सिलोनात मात्र राजासमोर रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नाहमानिदेस यांना उभं केलं गेलं. मसीहा येऊन गेला, हे यहुद्यांच्याच तालमूद या धर्मग्रंथातून सिद्ध करायचं असा ख्रिस्ती पक्षाचा डाव होता. राजानं मोकळेपणी बोलण्याची मुभा दिली होती, तरी पुढं रब्बींना देश सोडावा लागला. जिथं बोलल्याची किंमत एकाच पक्षाला मोजावी लागते, त्या सभेला ‘वाद’ म्हणायला माझं मन घेत नाही. तो जल्प होता. चर्चमधल्या भाषणातच हे म्हणा, बाई. तिथं ते म्हणणं जास्त गरजेचं आहे.

१८५४मध्ये आग्र्यात पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्यात झालेल्या वादसभेला उर्दूत ‘मुनाजरा’ म्हणतात. तो शब्द तसाच ठेवा, बेळगावच्या मुस्लिम श्रोत्यांना लगेच कळेल.

आता ‘समर्थन’. चूक नाही, पण या शब्दाचा अर्थ आता ‘पाठिंबा’ असाच झाला आहे. सीमाभागात तर मोर्चाच्या फलकांवर तो इतका दिसतो, की ‘ख्रिस्ती श्रद्धेचं समर्थन’ ऐकून लोकांना वाटेल, कुणीतरी बाहेरून पाठिंबा जाहीर केला. ‘ख्रिस्ती श्रद्धेचं मंडन’ म्हटलं की हा घोळ राहत नाही.

एक अडचण फक्त आपल्याच भागातली आहे. तुमच्या श्रोत्यांतले पुष्कळजण कन्नड शाळेत शिकलेले असणार. कन्नडमध्ये ‘मंडने’ म्हणजे नुसतं सादर करणं. अधिवेशनाच्या बातम्यांत विधेयकाची ‘मंडने’ होते, अर्थसंकल्पाचीही होते. त्यांना तुमचं ‘मंडन’ म्हणजे केवळ माहिती देणं वाटेल. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तेव्हा ‘खंडन-मंडन’ अशी जोडी घ्या. कन्नड पत्रक काढणार असाल, तर तिथं मात्र ‘समर्थने’च लिहा. कन्नडमध्ये त्याला बाजू राखण्याचा अर्थ अजून पक्का आहे.