सोयाबीन उचलायला आलेली कंपनी खरंच नोंदलेली आहे का, कसं पाहायचं?

त्यांच्या पावतीवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर शोधा, 21 अक्षर-आकड्यांचा. निम्मी कुंडली त्यातच असते: सुरुवातीचं यू म्हणजे शेअर बाजारात नसलेली, मधलं एमएच म्हणजे महाराष्ट्र, त्याला लागून नोंदणीचं साल. आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, एक जण ‘पंधरा वर्षं जुनी कंपनी’ सांगत फिरत होता. नंबरात साल निघालं 2021!

मग एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर ‘मास्टर डेटा’त नंबर टाका. फुकट आहे. ‘अॅक्टिव्ह’ (चालू) की ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदणीतून काढलेली), पत्ता, भरणा झालेलं भांडवल, सगळं दिसतं. लाखभर भांडवलवाला पन्नास लाखांचा माल उधारीवर मागत असेल तर वजनकाटा उचलून ठेवा.

एकट्या मालकाचं अडत दुकान तिथं सापडणार नाही, ती कंपनीच नसते. त्याला बाजार समितीचा परवाना मागा.