पोराचं वर्कशॉप बंद करू नका

ताई नमस्कार, पत्र वाचलं. मुलगा नववीत, शाळेत आठवड्यातला एक दिवस मल्टी-स्किलचा, म्हणजे हाताने कामं करून शिकायच्या विषयाचा, त्या दिवशी शर्टाला ठिणग्यांची भोकं पाडून घरी येतो आणि मिस्टर म्हणतात शिकायला पाठवलाय की वेल्डिंगच्या दुकानात, विषयच बदलून टाकू. माझं ऐकाल तर बदलू नका.

गणितात कच्चा आहे असं लिहिलंय ना तुम्ही, मग आज जेवताना त्याला विचारा 12 एमएमच्या सळईचं मीटरला वजन किती. फॅब्रिकेशनवाले तोंडपाठ सांगतात, व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर किलोत, म्हणजे 144 भागिले 162, साधारण 0.89 किलो, 890 ग्रॅम. मग एका स्टुलाला लोखंड किती, वेल्डिंग रॉड किती, मजुरी धरून किंमत काय सांगायची, हे सगळं शाळेतलंच गणित आहे हो. पायाची आखणी करताना गवंडी एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजतो आणि तिरकं बरोबर 5 भरलं की काटकोन पक्का, पायथागोरस तोच, फळ्यावर डोक्यावरून जातो तो दोरी धरली की कळतो.

आणि हे नवीन खूळ नाही. गांधीजींनी 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली ती हीच, आणि 1983 ला डॉ. कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला तोही यासाठीच. तिथून हे शाळाशाळांत गेलं, वर्कशॉप, वीज, शेती, घर-आरोग्य असं सगळं थोडं थोडं, आणि केलेली वस्तू गावात खरोखर वापरायची. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण स्टूल डुगडुगलं तर गिऱ्हाईक परत आणतं, तिथे काठावर पास वगैरे चालत नाही.

एक मात्र शाळेत जाऊन बघाच, वेल्डिंगला काळी काच देतात का आणि वहीत प्रत्येक वस्तूचा खर्च मुलं स्वतः मांडतात का. नुसतं मैदान झाडून घेत असतील तर मिस्टरांचा राग बरोबर आहे.

दहावीनंतर अकरावी सायन्स मोकळीच आहे. आयटीआयला गेला तरी वाट बंद होत नाही, इलेक्ट्रिशियन किंवा फिटर 2 वर्षं, मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला जाता येतं, फक्त मार्कांची अट त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

मिस्टरांना एकदा त्या दिवशी शाळेत घेऊन जा. घरातली मोडकी खुर्ची असेल तर सोबत न्या, आणि दुरुस्तीचा हिशोब पोराला त्यांच्यासमोर मांडू द्या.