मानसिक आजार असलेल्यांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायचंय, पण मी डॉक्टर नाही. मग मी करणार काय?

तुम्ही लिहिलंय की भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्यांनी आता बरीच घडी बसलीये, आणि तुमच्यासारख्या इतर घरांसाठी काही करावंसं वाटतंय. जरूर करा. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून ते या कामात आले.

माझ्या दादाचं आजारपण आता एकोणीस वर्षांचं झालंय. मी एका आधारगटात काम करते. आमच्याकडे आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे शब्द मला जरा गोडमिट्ट वाटले होते. आता सवय झाली.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे भाषणं आणि २४ मे ला स्किझोफ्रेनिया दिनाची फेरी. ते वर्षातून एकदा. बाकी वर्षभर कागद.

अपंगत्वाचा दाखलाच घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासताना डॉक्टर बघतात की माणूस स्वतःचं आवरतो का, लोकांशी कसा वागतो, बोललेलं समजतं का, काम जमतं का, आणि आजार किती वर्षांचा. आता गंमत बघा. त्या दिवशी आई मुलाला पहाटे उठवते, दाढी करायला लावते, इस्त्रीचा शर्ट घालायला देते. डॉक्टरांनी विचारलं की अभिमानाने सांगते, "सगळं स्वतःचं स्वतः करतो हो!" टक्के कमी पडतात. खोटं बोला असं मी कुणालाही सांगत नाही. आधीच्या आठवड्यात त्यांच्यासोबत बसून वही भरते: अंघोळ किती दिवसांनी, किती वेळा सांगितल्यावर, गेल्या वर्षी नोकरी किती दिवस टिकली. ती वही घेऊन आई जाते. आईला ते लिहिताना रडू येतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

दुसरं, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मराठीत मिळवून वाचा. सगळा नको. कलम ५ (पुढे आजार बळावला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवणं), कलम १४ (आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमणं), कलम २१ मधला विम्याचा भाग, आणि कलम ९५, ज्यात साखळदंडाने बांधायला सरळ मनाई आहे. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रमात आग लागली तेव्हा बांधून ठेवलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले. शिवाय याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळांवर दोन जागा शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांच्या लोकांसाठी आहेत. तिथे बसायला माणसं तयार करणं, हेही आपलंच काम.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती सांगते. दादाचं खातं उघडायला एका बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फाइल बघितली आणि म्हणाल्या, "पालक कोण?" दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा. मी पेटलेच. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ काढलं, आर्थिक व्यवहाराचा समान हक्क वगैरे दहा मिनिटं ऐकवलं. मॅनेजर आले, माफी मागितली, फॉर्म मिळाला. रिक्षात मी खुशीत. दादा गप्प. घराच्या वळणावर म्हणाला, "त्यांनी पण मला काही विचारलं नाही, आणि तू पण नाही."

तेव्हापासून मी मागच्या खुर्चीत बसते. वेळ लागतो. दादा शब्द शोधतो, मधेच थांबतो, समोरचा माझ्याकडे बघायला लागतो. मी फाइलमध्ये डोकं घालून बसते. पुढच्या खेपेला पासबुक भरायला तो एकटाच गेला. परत येताना जिलबी आणली, स्वतःच्या पैशाने.

तुमच्या जिल्ह्यात आधारगट नसेल तर दोन-तीन घरांपासून सुरू करा, महिन्यातून एकदा, कुणाच्याही दिवाणखान्यात. रात्री-अपरात्री कुणाचा फोन आला तर स्वतः डॉक्टर होऊ नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. आणि पहिल्या बैठकीला भावाला विचारा, त्याला यायचंय का. नाही म्हणाला तर नाही.