अ‍ॅप म्हणतं चौदावा दिवस, पाळी येते पन्नासाव्याला

प्रश्न: ताई, मी बडोद्याची, वय ३१, दांडिया बाजारात सासर. दीड वर्ष झालं बाळासाठी ट्राय करतोय. माझी पाळी कधी ३५ दिवसांनी येते, कधी ५० उलटून जातात. अ‍ॅप चौदावा-पंधरावा दिवस दाखवतं म्हणून आम्ही तेवढेच दिवस धरून चालतो. मेडिकलमधून ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप्स आणल्या तर आठवडाभर रोज दोन लाइनी. एकविसाव्या दिवशीची प्रोजेस्टेरॉन टेस्ट केली तीही एकदम कमी आली, म्हणजे माझं बीज फुटतच नाही का? सासूबाई दर महिन्याला विचारतात "काही आहे का गं?", काय सांगणार.

उत्तर: अगं, तो रिपोर्ट बघून रडू नकोस, आधी एक सांग, ती टेस्ट केल्यावर पाळी किती दिवसांनी आली? साधारण आठवड्याने आली असेल तर रिपोर्टला अर्थ आहे. महिन्याभराने आली असेल तर त्या दिवशी बीज फुटलेलंच नसणार, मग बीज फुटल्यावरच वाढणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन वाढेल कुठून? बीज फुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात, हा मागचा भाग बहुतेकींचा फारसा हलत नाही, लांबतो तो पुढचा. म्हणजे ३५ दिवसांची पाळी असेल तर बीज एकविसाव्याच्या आसपास, ५० ची असेल तर छत्तिसाव्याच्या आसपास. चौदावा दिवस २८ दिवसांवाल्या बायकांचा, तुझा नाहीच तो, आणि अ‍ॅप बिचारं मागच्या महिन्यांची सरासरी काढून तारीख ठोकून देतं, त्याला तुझ्या पोटातलं काय दिसतंय!

आता स्ट्रिपा. त्या एलएच नावाचं हार्मोन पकडतात, ते एकदम वाढलं की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज फुटायचा चान्स असतो. पण ज्यांना पीसीओडी (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न फुटणं, पाळी लांबणं) असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं एलएच कायमच चढलेलं असतं, त्यामुळे रोज दोन लाइनी दिसतात आणि माणूस येडं होतं. फिकट दुसरी लाइन म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, ती कंट्रोलच्या (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणाऱ्या) लाइनीइतकी किंवा त्याहून गडद हवी. आठवडाभर गडदच येत असेल तर तुझ्यासाठी स्ट्रिपा म्हणजे पैसे वाया, मी तरी बंद करायला सांगेन.

त्यापेक्षा अंगावरून जातं त्याच्याकडे लक्ष दे, फुकट आहे आणि तुझ्यासारखीला अ‍ॅपपेक्षा जास्त कामाचं. एरवी कोरडं किंवा चिकट-पांढरट असतं, बीज फुटायच्या आधीचे काही दिवस ते पाण्यासारखं स्वच्छ, निसरडं होतं, दोन बोटांत धरून ओढलं तर एकतारी पाकासारखी तार निघते. (पुस्तकांत कच्च्या अंड्याची उपमा देतात, पण बडोद्यातल्या किती घरांत अंडं फुटतं?) तसं दिसलं की तेच दिवस. पीसीओडीत असं मधूनमधून दोनदा-तीनदाही होऊ शकतं, शरीर प्रयत्न करतं आणि थांबतं, म्हणून पहिल्यांदा दिसलं आणि झालं असं समजू नकोस. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी टेम्परेचर घेतलंस तर बीज फुटल्यावर ते अर्धा डिग्री फॅरेनहाइटच्या आसपास वाढतं आणि वरच राहतं, फक्त ते झाल्यावर कळतं, आधी नाही.

खरं सांगू, सगळ्यात सोपं म्हणजे दिवस मोजणं सोडा आणि महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी जवळ या. शुक्राणू ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, बीज मात्र १२ ते २४ तासच, त्यामुळे शुक्राणू आधीपासून हजर असलेले बरे.

पण हे सगळं ट्रॅकिंग झालं, पाळी का लांबते ते शोधणं वेगळं, आणि दीड वर्ष झालंय म्हणजे आता गायनॅककडे जायलाच हवं. एरवी ३५ च्या आतल्या बाईला वर्षभर थांबायला सांगतात, पण पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नसतं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), शुगर, सोनोग्राफी करतील. सोनोग्राफीत "छोट्या गाठी" लिहिलेलं आलं तर घाबरू नकोस, त्या न फुटता अडकून राहिलेल्या फॉलिकल्स, म्हणजे बीजाच्या पिशव्या, असतात. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी आपोआप रांगेत येते. गरज पडली तर बीज फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या देतात आणि सोबत फॉलिक्युलर स्टडी (सोनोग्राफीने फॉलिकलची वाढ बघत राहणं) करतात, फॉलिकल १८ ते २० मिलिमीटर झाली की फुटायला तयार. ती गोळी मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची नाही. आणि पाळी आणायच्या गोळीने ब्लीडिंग आलं म्हणजे बीज फुटलं असं नसतं.

आणि नवऱ्याची सीमेन टेस्ट? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, साधी टेस्ट आहे, तीच आधी करून घ्यायची. सासूबाई विचारतील तेव्हा उत्तर त्याला देऊ दे.

प्रश्न: आम्हीही ट्राय करतोय. नवरात्रात गरबा खेळू का? आई म्हणते राहिलं असेल तर पडेल.

उत्तर: खेळ की! तब्येत ठीक असेल तर गरब्याने गर्भ पडत नाही, सुरुवातीचे बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषाने होतात. ब्लीडिंग किंवा पोटात जोरात दुखत असेल तर मात्र घरी बस आणि डॉक्टरला फोन कर. टेम्परेचरचा चार्ट ठेवत असशील तर ते नऊ दिवस सोडून दे, रात्रीच्या जागरणाने आकडे भरवशाचे राहत नाहीत. उपवास असला तरी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यायची.