दम छातीत संपतो की डोक्यात?

"मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही. काहीही सुरू केलं की आठवड्याभरात बंद." चाळिशीतले एक गृहस्थ खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पाच किलोमीटर धावायचा त्यांचा निश्चय चारदा मोडला होता. पुरावा म्हणून वहीच आणली होती. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी दीड, मग फुली. फुलीपुढे लाल शाईत 'आळशी'. एके ठिकाणी पेन इतकं दाबलेलं की कागद फाटला होता.

मी फुल्या सोडून वेळा पाहिल्या. रात्री साडेनऊ, दहा. आणि काम दिवसभर हिशेब तपासण्याचं!

2009 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. 16 जणांना एकदा दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा नुसते माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. माहितीपटानंतर सरासरी 754 सेकंद टिकले, शिणलेल्या डोक्याने 640. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांतून हा फरक उलगडत नव्हता. श्रम तेवढे जास्त जाणवत होते.

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मग वहीत काय लिहू?"

"चला, जिना चढू. चढताना तुमच्या कामाबद्दल बोलत राहा."

पहिल्या मजल्यावर सगळं ठीक. दुसरा मजला संपायच्या आत वाक्य तुटायला लागलं. "इथे वेग जास्त झाला," मी म्हटलं. ते रोज याच्या कितीतरी पुढच्या वेगाने सुरुवात करत होते. 'जिद्द हवी' असं सांगणाऱ्यांचा मला रागच येतो; जिद्द या माणसाकडे जरुरीपेक्षा जास्त होती.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस स्वतःलाच आळशी समजतो. तपासण्या ठीक निघाल्या. मग ठरलं: सकाळी, एक दिवसाआड, वीस मिनिटं, अख्खं वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने. दम आधी सुधारतो, स्नायूबंध आणि हाडं मागून येतात, म्हणून बरं वाटलं तरी पहिला महिना वेळ वाढवायची नाही. थांबावंसं वाटलं तर वेग उतरवून पन्नास पावलं मोजायची, मग ठरवायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र मोजत बसायचं नाही, तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा.

मनाचा सराव म्हणाल तर तो या पन्नास पावलांत होता. पहिल्या आठवड्यात त्यांना ते पोरकट वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

सहाव्या आठवड्यात ते ठरल्या दिवशी आले नाहीत. मला वाटलं, पाचवी फुली. पुढच्या भेटीत वही समोर ठेवली. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'ताप. चार दिवस नाही. आज दहा मिनिटं, बोलत बोलत.'