अमेरिकी संसदेचे अहवाल विकत घेऊ नका

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भारत-अमेरिका संबंधांवर प्रकल्प करते आहे. एका लेखात ‘सीआरएस रिपोर्ट’चा उल्लेख सापडला. इंटरनेटवर शोधलं तर एका संकेतस्थळाने त्याच अहवालाचे वीसहून जास्त डॉलर मागितले. आमचे सर म्हणतात, हे अहवाल फक्त तिथल्या खासदारांसाठी असतात, बाहेर मिळत नाहीत. मग ते विकायला कसे? आणि आपल्याकडे असं काही आहे का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : पैसे भरू नका. तो अहवाल फुकट आहे, आणि तुम्ही साताऱ्यात बसून आत्ता उतरवून घेऊ शकता. पण सरांचंही अगदी चुकलेलं नाही. सप्टेंबर २०१८ पर्यंत ते म्हणतात तसंच होतं.

सीआरएस म्हणजे काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस. काँग्रेस म्हणजे इथे अमेरिकेची संसद. १९१४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात खासदारांना संदर्भ पुरवणारा एक विभाग सुरू झाला. १९७० च्या कायद्याने त्याचं काम वाढलं आणि आजचं नाव मिळालं. तिथे सुमारे सहाशे माणसं काम करतात : अर्थतज्ज्ञ, वकील, शेती, संरक्षण, परराष्ट्र धोरण यांतले जाणकार आणि ग्रंथपाल. वर्षाचा खर्च दहा कोटी डॉलरच्या वर, सगळा करदात्यांचा. खासदार रिपब्लिकन असो की डेमोक्रॅट, त्याने विचारलं की पक्षाची बाजू न घेता विषय समजावून सांगायचा, हे त्यांचं काम. अहवालात ‘असं करा’ असा सल्ला नसतो. पर्याय मांडतात आणि प्रत्येकाने काय होईल ते सांगतात. अभ्यास करणाऱ्याला याहून उपयोगी कागद मला माहीत नाही.

मी बावीस वर्षं ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी दस्तऐवजांच्या कक्षात काम केलं. सरकारी छापखान्यातून आमच्याकडे खोकीच्या खोकी यायची. जनगणना, अर्थसंकल्प, संसदीय समित्यांच्या सुनावण्या, सगळं विनामूल्य, कुणीही येऊन वाचावं म्हणून. हे अहवाल मात्र त्या खोक्यांत कधीच आले नाहीत. १९५० च्या दशकापासून दरवर्षीच्या खर्चमंजुरीच्या कायद्यात एक ओळ असायची, की संसदीय समितीच्या परवानगीशिवाय या पैशातून प्रकाशन करायचं नाही. माहितीच्या कायद्याचाही उपयोग नव्हता. अमेरिकेचा तो १९६६ चा कायदा सरकारी खात्यांना लागू आहे, संसदेला नाही.

२००१ च्या हिवाळ्यात एक दूध उत्पादक शेतकरी आमच्या टेबलाशी आला. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, त्यात दूधदराच्या धोरणावरच्या सीआरएस अहवालाचा एका ओळीचा उल्लेख. त्याला तो अख्खा वाचायचा होता. मी त्याला सांगितलं तेच, जे तेव्हा प्रत्येकाला सांगत असे : तुमच्या खासदाराच्या कार्यालयाला फोन करा, अहवालाचं नाव सांगा, ते पाठवतील. पण नाव ठाऊक असायला हवं, कारण अहवालांची यादीसुद्धा लोकांसाठी खुली नव्हती. आम्ही दोघांनी त्या कात्रणावरून नाव जुळवलं आणि त्याने माझ्याच टेबलावरून फोन लावला. एकोणीस दिवसांनी तो पाकीट घेऊन परत आला, मला दाखवायला. सोळा पानं, डाव्या कोपऱ्यात एक पिन, पहिल्याच पानावर छापलेलं की ही प्रत सीआरएसच्या अंतर्गत वेबवरून घेतली आहे. म्हणजे अहवाल संगणकावर तयार होता, एका बटणाच्या अंतरावर. आणि हा माणूस एकोणीस दिवस पोस्टाची वाट बघत होता. शेजारच्या गोठेवाल्यांसाठी त्याला सहा प्रती हव्या होत्या. आमच्या यंत्रावर पानामागे दहा सेंट पडायचे. त्याने खिशातली नाणी टेबलावर रचली आणि मी प्रती काढत उभी राहिले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आजही हा विषय निघाला की मला तीच नाणी दिसतात.

तर विकणारे कुठून आले? जो अहवाल खासदार मतदाराला देतो, तोच वकिलाला आणि लॉबीवाल्यालाही देतो. काही खाजगी कंपन्यांनी अशा प्रती गोळा करून वर्गणीवर विकायला सुरुवात केली. ज्याच्याकडे पैसे किंवा ओळख त्याला अहवाल लगेच, बाकीच्यांना पाकिटाची वाट. बरं, यात चोरी नव्हती, कारण अमेरिकी सरकारच्या लिखाणावर त्यांच्या देशात कॉपीराइट नसतो. तुम्हाला दिसलं ते संकेतस्थळ याच धंद्याचं शेपूट असणार.

हे चित्र बदलायला वीस वर्षं लागली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी १९९८ मध्येच अहवाल खुले करायचं विधेयक आणलं होतं, पण ते पुढे गेलं नाही. विरोध करणारे म्हणत, लोकांच्या नजरेखाली लिहायचं म्हटलं की तज्ज्ञ बिचकतील. मला हे कधी पटलं नाही. दबाव आला तो आतूनच. सप्टेंबर २०१२ मध्ये सीआरएसच्या एका अर्थतज्ज्ञाने लिहिलं, की १९४५ पासून श्रीमंतांवरच्या वरच्या टप्प्याचे कर कमी केले त्याचा आर्थिक वाढीशी संबंध दिसत नाही. रिपब्लिकन सिनेटरांनी आक्षेप घेतला आणि अहवाल मागे घेतला गेला. बातमी फुटली, बाहेर पोहोचलेल्या प्रतींवर चर्चा झाली, आणि डिसेंबरमध्ये तो थोड्या दुरुस्त्यांसह पुन्हा निघाला. अहवाल लोकांच्या हातात होता म्हणूनच तो नाहीसा झाला नाही.

मधल्या काळात फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स या स्वयंसेवी संस्थेचे स्टीव्हन आफ्टरगुड मिळतील ते अहवाल वर्षानुवर्षं इंटरनेटवर ठेवत राहिले. नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोठा साठा जपला. फेब्रुवारी २००९ मध्ये गोपनीय कागद उघड करणाऱ्या विकिलीक्सने साडेसहा हजारांहून जास्त अहवाल एकदम बाहेर काढले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘एव्हरी सीआरएस रिपोर्ट’ हे संकेतस्थळ आठ हजारांवर अहवाल घेऊन आलं. अखेर मार्च २०१८ च्या खर्चमंजुरीच्या कायद्यातच अहवाल प्रसिद्ध करण्याची सक्ती घातली गेली. वर्षानुवर्षं ज्या कायद्यात बंदीची ओळ होती, त्यातूनच दार उघडलं. सप्टेंबरमध्ये सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. एखाद्या खासदाराने खाजगीत मागवलेलं टिपण आजही गोपनीयच राहतं. ते मला मान्य आहे.

आता तुमच्या कामाचं. अमेरिकी संसदेच्या ‘काँग्रेस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर जा, सीआरएस शोधा आणि ‘इंडिया’ टाका. क्रमांकाच्या आधी ‘आयएफ’ ही अक्षरं असतील तर ते दोन पानी टिपण. आधी तेच वाचा. नुसतं ‘आर’ असेल तर सविस्तर अहवाल. एकच अहवाल पुन्हा पुन्हा सुधारला जातो, म्हणून तारीख बघितल्याशिवाय एक वाक्यही उचलू नका. जुनी आवृत्ती हवी असेल तर नॉर्थ टेक्सासकडे किंवा ‘एव्हरी सीआरएस रिपोर्ट’वर बघा. प्रबंधाच्या तळटिपेत क्रमांक आणि तारीख दोन्ही द्या.

आपल्याकडे लोकसभा सचिवालयात खासदारांसाठी ग्रंथालय आणि संदर्भसेवा आहे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चर्चांची इतिवृत्तं आणि समित्यांचे अहवाल कुणालाही वाचता येतात. विधेयकावर सोपं टिपण हवं असेल तर विद्यार्थी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चकडे वळतात. ही २००५ मध्ये सुरू झालेली स्वयंसेवी संस्था आहे, सरकारी नाही. एका बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे आहोत : आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा संसदेला आणि विधिमंडळालाही लागू आहे. सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल एवढीच माहिती त्यांना त्या कारणाने नाकारता येते. एखादं संदर्भटिपण संकेतस्थळावर सापडलं नाही तर दहा रुपयांचा अर्ज करून बघा. माझ्या बावीस वर्षांत मला ती सोय कधीच नव्हती.

प्रश्न : माझी मुलगी एच-वन-बी व्हिसावर टेक्सासला आहे. आमच्या गल्लीतून आठ-दहा मुलं गेली आहेत, आईवडिलांना व्हिसाचं काही कळत नाही. यावरचा सीआरएस अहवाल मराठीत करून वाटला तर चालेल का?
– निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : गुरुजी, जरूर करा. अख्खा अहवाल परवानगीशिवाय छापता आणि वाटता येतो, असं त्या अहवालांत शेवटी लिहिलेलंच असतं. मात्र आतला फोटो किंवा तक्ता दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याची परवानगी लागू शकते, तो गाळा. अनुवाद तुमचा आहे, सीआरएसने तपासलेला नाही, हे पहिल्या पानावर लिहा.

तारीख इथेही सांभाळा. वर्षाला ६५ हजार नवे एच-वन-बी व्हिसा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, हा कोटा बरीच वर्षं तोच आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याची घोषणा झाली. तुमच्या हाती त्याआधीचा अहवाल असेल तर त्यात ती नसणार, आणि गल्लीतल्या आयाबापांचा पहिला प्रश्न तोच असणार. अनुवाद झाला की मासिकाच्या पत्त्यावर एक प्रत पाठवा. छापायच्या आधी मी मूळ अहवालाशी ताडून देईन.