रग्बी सोडल्यावर डेव्हिड कर्कने पुढे काय केलं?

न्यूझीलंडने 1987 मध्ये पहिला रग्बी विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार हाच होता. खरा नेमलेला कर्णधार अँडी डाल्टन, पण तो जखमी झाला आणि जबाबदारी कर्ककडे आली. ऑकलंडच्या ईडन पार्कवर फ्रान्सला 29-9 हरवलं, त्यात एक ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) कर्कचा. चषक उचलताना त्याने डाल्टनलाही जवळ बोलावून घेतलं.

पण त्याची खरी ओळख मला 1986 मध्ये दिसते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत न्यूझीलंडच्या खेळाडूंचा बंडखोर, म्हणजे अधिकृत मान्यता नसलेला संघ खेळायला गेला, तेव्हा कर्क आणि जॉन कर्वन या दोघांनी जायला नकार दिला. संघातल्या बहुतेकांचा रोष पत्करून! त्यानंतर वर्षभरात त्याच सहकाऱ्यांचं नेतृत्व करणं सोपं नसणार.

विश्वचषकानंतर लवकरच तो ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. शिक्षणाने डॉक्टर, पण पेशा तो राहिला नाही. न्यूझीलंडचे तत्कालीन पंतप्रधान जिम बोल्जर यांचा सल्लागार झाला, मग कंपन्यांमध्ये शिरला.

2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फेअरफॅक्स या वृत्तपत्र समूहाचा प्रमुख झाला. छापील जाहिराती इंटरनेटकडे सरकत होत्या, म्हणून 2006 मध्ये ‘ट्रेड मी’ ही न्यूझीलंडची लिलावाची वेबसाइट 70 कोटी न्यूझीलंड डॉलरला घेतली. तेव्हा किंमत जास्त वाटली, पण माझ्या मते तोच त्याचा सर्वांत शहाणा सौदा. 2008 अखेर फेअरफॅक्समधून बाहेर पडला आणि पुढे बेलाडोर ही तंत्रज्ञान कंपन्यांत पैसे गुंतवणारी संस्था उभी केली.